पॅडल, चार सड आणि एक वही: गोठ्यातली सुप्त दगडी अशी शोधा

कास दगडासारखी कडक झाली, गाय हात लावू देईना, धारेतून गाठी पडायला लागल्या की ओळखायला चाचणी लागत नाही. ही उघड दगडी, म्हणजे डोळ्याला दिसणारा कासदाह. शिरूर असो की इंदापूर, ती दिसली की डॉक्टरांना फोन जातोच. खरा तोटा होतो तो न दिसणाऱ्या दगडीत. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, ताप नाही, रवंथ व्यवस्थित. फक्त एका सडाचं दूध रोज थोडं थोडं उतरतं, आणि संकलन केंद्राच्या पावतीवर ८.५ चा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) खाली घसरायला लागतो. त्या सडात जंतूंनी घर केलेलं असतं आणि धार काढणाऱ्याच्या हातातून, पुसायच्या फडक्यातून, मशीनच्या कपातून ते शेजारच्या गाईकडे निघालेले असतात. हीच सुप्त दगडी. उघड दगडीची एक गाय गोठ्यात दिसली, तर सुप्त दगडीच्या तिच्याहून जास्त असणार असं धरूनच चाला.

ती शोधायची सोपी रीत १९५७ साली शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी कॅलिफोर्नियात बसवली. कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गोठ्यातल्या बोलीत नुसती 'सीएमटी' किंवा 'पॅडल टेस्ट'. चार कपांच्या तबकडीत, म्हणजे पॅडलमध्ये, प्रत्येक सडाचं दूध वेगळं घेऊन त्यात द्रावण मिसळायचं. गाईमागे दोन मिनिटं लागतात, वीज लागत नाही, आणि चारही सडांचा निकाल वेगवेगळा मिळतो. इतक्या वर्षांत यंत्रं बरीच आली, तरी वीस-पंचवीस गाईंच्या गोठ्यासाठी आम्ही अजून हीच सांगतो.

दूध घट्ट का होतं

सडात जंतू शिरले की गाईचं शरीर तिकडे पांढऱ्या पेशी पाठवतं. निरोगी सडाच्या दुधात अशा पेशी मिलिलिटरला साधारण दोन लाखांच्या आत असतात, बाधलेल्या सडात पाच लाख, दहा लाख, कधी पन्नास लाखांच्याही वर. डोळ्याला हा फरक दिसत नाही. चाचणीच्या द्रावणात एक साबणी द्रव्य असतं, ते पेशींची आवरणं फोडतं. आतला डीएनए बाहेर पडतो, त्याच्या लांबलचक तारा एकमेकींत गुंततात आणि दूध बुळबुळीत होतं. जितक्या पेशी जास्त तितकं दूध घट्ट. भेंडी चिरताना सुरीला सुटते तशी तार पॅडलमध्ये दिसते.

द्रावणाचा जांभळा रंग ब्रोमोक्रेसॉल पर्पलचा. तो दुधाचा सामू दाखवतो. ताज्या निरोगी दुधाचा सामू ६.५ ते ६.८ च्या आसपास असतो, दगडीत तो चढतो आणि रंग गडद होतो. रंग पिवळट झाला तर दूध आंबट झालंय, म्हणजे नमुना जुना आहे. रंगाला दुय्यम माना, निकाल घट्टपणावर द्या. नवशिके नेमके उलट करतात.

आधी हे ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये माणसांच्या रोगछाननीचे निकष लिहिले. रोगाला लपलेली अवस्था असावी, चाचणी सोपी असावी, सापडल्यावर करण्यासारखं काही असावं आणि कोणावर इलाज करायचा हे आधीच ठरलेलं असावं, असे त्यातले काही. गोठ्याला हा शेवटचा निकष फार लागू पडतो. पॅडलवर तीन नंबर, म्हणजे सगळ्यात वाईट निकाल, आला तर दूध कुठे ओतणार, ती गाय कितवी पिळणार, नमुना कोण आणि कधी नेणार, हे ठरवल्याशिवाय चाचणीला हात घालू नका. नाहीतर आकडे वहीत राहतात आणि दूध कॅनमध्ये जातं.

छाननी आणि निदान यांत गल्लत नको. कोणता सड संशयित आहे एवढंच पॅडल सांगतं. त्यात कोणता जंतू आहे, स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस की ई. कोलाय, हे पॅडलला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतलं कल्चर, म्हणजे दुधातले जंतू वाढवून बघणं, लागतं.

सामान

चार खोलगट कप असलेलं पांढरं प्लॅस्टिकचं पॅडल, सीएमटीचं द्रावण, काळा मग किंवा काळी फरशी, स्वच्छ फडकी किंवा कागद (प्रत्येक गाईला वेगळा), पाण्याची बादली, सड बुडवायचा डिप (जंतुनाशक द्रावण) आणि वही. द्रावण औषध दुकानात किंवा पशुवैद्यकीय साहित्य विकणाऱ्याकडे मिळतं. बाटलीवर ते किती पट पाण्यात मिसळायचं ते लिहिलेलं असतं. काही द्रावणं तयार असतात, काही घट्ट. घट्ट द्रावण पाणी न घालता वापरलं तर सगळ्या गाई आजारी दिसतात आणि दुप्पट पाणी घातलं तर सगळ्या निरोगी.

द्रावण हाताशी नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीवरही निभावतं. तीन टक्क्यांचं पाणी करा: ५०० मिली पाण्यात १५ ग्रॅम पावडर, चमच्याच्या अंदाजाने नको, काट्यावर मोजून. हळू ढवळा आणि फेस बसू द्या. पाणी मात्र मऊ हवं. दौंड, बारामती, इंदापूर पट्ट्यातलं बोअरचं जड पाणी घेतलं तर त्यातला कॅल्शियम साबणी द्रव्यालाच धरून बसतो आणि चाचणी आंधळी होते. फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. या घरगुती द्रावणात रंग नसतो, म्हणून ट्रेस आणि एक या हलक्या निकालांतला फरक ओळखणं कठीण जातं. दोन-तीन नंबरचा सड मात्र यातही सापडतो.

द्रावण कुठलंही असो, बाटली नवी असली की आधी तिचीच परीक्षा घ्या. उघड दगडीच्या गाईचं दूध एका कपात, खात्रीच्या निरोगी गाईचं दुसऱ्यात. एक लगेच घट्ट झालं आणि दुसरं पाण्यासारखं राहिलं तर बाटली कामाची.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणी धार काढण्याच्या आधी. धारेच्या शेवटच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे एकदा आधी आणि एकदा नंतर तपासलं तर दोन आकड्यांची तुलना होत नाही. सकाळची वेळ धरली तर पुढेही सकाळचीच.

सड फार घाण असेल तरच धुवा, आणि धुतला तर पूर्ण कोरडा पुसा. कासेवरून ओघळणारं पाणी पॅडलमध्ये पडलं की दूध पातळ होतं, शिवाय तेच घाण पाणी सडाच्या तोंडाशी जाऊन थांबतं. पान्हा सुटू द्या. म्हैस गाईपेक्षा उशिरा पान्हा सोडते, तिथे घाई नको.

प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या मगात काढा, जमिनीवर नाही. मगाच्या काळ्या तळावर बारीक कण, तार किंवा पाणचट दूध उठून दिसतं. इथेच गाठी दिसल्या तर ती उघड दगडी, त्या सडाला पॅडलची गरज नाही. सरळ नमुन्याकडे वळा.

आता पॅडल धरायची एकच रीत कायमची ठरवून टाका. मूठ शेपटीकडे, मुठीजवळचे दोन कप मागच्या सडांचे, पुढचे दोन पुढच्यांचे. पॅडलवर ए, बी, सी, डी छापलेलं असतं, पण हात ओले आणि उजेड कमी असताना अक्षरं कोण बघतो? मुठीची दिशा चुकत नाही. हे पाळलं नाही की आजारी असतो मागचा डावा आणि औषधाची ट्यूब जाते मागच्या उजव्यात.

प्रत्येक कपात एक-दोन धारा घ्या. मग पॅडल जवळजवळ उभं तिरकं करून जादा दूध सांडू द्या, कपात साधारण २ मिली उरतं. तितकंच, म्हणजे २ मिली द्रावण घाला. 'तितकंच' हा शब्द महत्त्वाचा. दूध जास्त आणि द्रावण कमी झालं तर घट्टपणा कमी दिसतो. द्रावण जास्त पडलं तर मिश्रण पातळ होऊन हलकी प्रतिक्रिया निसटते. बाटलीच्या टोपणातून ओतण्यापेक्षा पिचकारीची बाटली किंवा सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या.

पॅडल आडवं ठेवून मनगटाने गोल गोल फिरवा, दहा सेकंद. झटके नकोत, फेस होतो. फिरवत असतानाच बघा आणि वीस सेकंदांच्या आत निकाल वाचा. हलकी प्रतिक्रिया त्यानंतर विरते, मग ट्रेस शून्य वाटतो. निकाल लगेच तोंडाने बोला आणि दुसऱ्याने लिहून घ्यावा. एकटे असाल तर निकाल लक्षात ठेवत तीन गाई पुढे जाऊ नका.

मिश्रण गटारात ओता, गव्हाणीजवळ नको. पॅडल साध्या पाण्याने विसळून झटका आणि पुढच्या गाईकडे चला. पुसायची गरज नाही.

निकाल वाचणं

शून्य: मिश्रण पाण्यासारखं पातळ, पॅडल कलतं केलं की सरसर वाहतं. पेशी दोन लाखांच्या आत.

ट्रेस: कलतं करताना कपाच्या कडेला किंचित तार, फिरवत राहिलं की नाहीशी. दीड ते पाच लाख. सगळ्यात जास्त वाद याच पायरीवर होतात. पॅडल उजेडाच्या दिशेने तिरकं धरून बघितलं तर तार चुकत नाही.

एक: घट्टपणा स्पष्ट, पण गोळा धरत नाही. चार ते पंधरा लाख.

दोन: लगेच घट्ट होतं, फिरवताना मधोमध गोळा व्हायला बघतं, थांबलं की पुन्हा कपभर पसरतं. आठ ते पन्नास लाख.

तीन: साबुदाण्याची खीर गार झाल्यावर जशी एकसंध हलते तसा गोळा, मधे उंचवटा, आणि फिरवणं थांबवलं तरी तो बसत नाही. ओतलं तर सगळं एकदम पडतं. पन्नास लाखांच्या पुढे.

या सीमा एकमेकींत शिरलेल्या आहेत, आणि तशाच असायच्या. पॅडल अंदाज देतं, मोजणी करत नाही. म्हणून एका सडाचा आकडा एकटा वाचू नका, चौघांची तुलना करा. शून्य, शून्य, शून्य, दोन असं आलं तर त्या एका सडात काहीतरी नक्की आहे. चारही सडांत एक-एक आला तर जंतूंपेक्षा आधी दुसरी कारणं शोधा.

पॅडल कुठे फसवतं

नुकत्याच व्यायलेल्या गाईला पहिले पाच ते सात दिवस पॅडल लावू नका. चिकात पेशी भरपूर असतात, चारही कप घट्ट होतात आणि मालक उगाच घाबरतो. तसंच आटत आलेल्या गाईचं. दूध दिवसाला दोन-तीन लिटरवर आलं की तेवढ्याच पेशी कमी दुधात साठतात आणि नंबर वर दिसतो. आटवायच्या गाईची चाचणी करायचीच असेल तर दोन-तीन आठवडे आधी करा, दूध बऱ्यापैकी असताना.

दूध ताजं हवं. नमुना बाटलीत घेऊन दुपारी तपासू म्हटलं तर पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात दूध आंबतं आणि पेशीही फुटतात. फ्रीजमध्ये ठेवलं तर दीड दिवसापर्यंत चालतं, पण साय वर जमते आणि पेशी सायीबरोबर वर येतात. तपासण्याआधी कोमट करून सावकाश उलटसुलट करा. म्हशीच्या दाट दुधाला हे विशेष लागू.

कॅनमधल्या एकत्र दुधावर पॅडल लावून 'गोठा स्वच्छ' असा निकाल काढणं ही सर्रास होणारी चूक. ऐंशी सडांच्या दुधात तीन आजारी सड बुडून जातात. कॅनचं दूध घट्ट झालं तर गोठ्यात मोठा घोळ आहे एवढं नक्की. झालं नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. दुधाची विद्युतवाहकता मोजणारं हातातलं मीटर मिळतं. दगडीत दुधात सोडियम-क्लोराइड वाढतं, म्हणून वाहकता चढते, आणि म्हणूनच अशा दुधाला खारट चव लागते. मीटरचा आकडा सुटा वाचून उपयोग नाही, त्याच गाईच्या चार सडांत कोणता वेगळा पडतो ते बघायचं. गाईगाईंत आणि दुधाच्या तापमानाप्रमाणे आकडा हलतो.

बारा चुकीचे सड

कुठलीही छाननी दोन प्रकारे चुकते. आजारी सुटतात, निरोगी अडकतात. हिशोब करून बघा. २० गाई, ८० सड. समजा, यातले २० सड खरंच आजारी आहेत, आणि समजा चाचणी १०० आजारी सडांपैकी ८० पकडते व १०० निरोगींपैकी ८० बरोबर सोडते. मग २० आजारींतले १६ सापडले, ४ निसटले. ६० निरोगींतले ४८ सुटले, १२ उगाच अडकले. पॅडलवर संशयित दिसले २८, त्यांत खरे आजारी १६. म्हणजे निम्म्याहून जरा जास्त.

आता दुसरा, चांगला राखलेला गोठा घ्या. ८० पैकी फक्त ४ सड आजारी. त्याच चाचणीने ३ सापडले आणि ७६ निरोगींतले १५ अडकले. संशयित १८, खरे ३. चाचणी तीच, हात तोच, द्रावण तेच, तरी सहातले पाच निकाल खोटे. गोठा जितका चांगला, तितकं एकट्या पॅडलवर विसंबून औषध देणं चुकीचं. माणसांच्या तपासणीतही हेच गणित चालतं. रोग दुर्मीळ असेल तर पहिल्या चाचणीत 'पॉझिटिव्ह' आलेल्यांतले बरेच जण निरोगी निघतात, म्हणून तर लगेच दुसरी, पक्की चाचणी सांगतात.

आकडे इथे समजण्यासाठी धरलेत, पण त्यातून निघणारी रीत पक्की आहे: एक किंवा ट्रेस आलेला सड आठवड्याने पुन्हा तपासा. दोन्ही वेळा वर आला तर पुढे जा. दोन आणि तीनसाठी आठवडा थांबू नका, नमुना घ्या.

वही

तारीख, गाईचा बिल्ला क्रमांक, व्याल्याला किती दिवस, आणि चार खाने. बस. उदाहरणार्थ: 'गाय ७, ९२ दिवस, पुडा ०, पुउ ०, माडा २, माउ ट्रेस.' (पुडा म्हणजे पुढचा डावा सड, माउ म्हणजे मागचा उजवा, तसंच बाकीचे.) पुढच्या महिन्यात याच ओळीखाली 'माडा २, माउ १' दिसलं तर शेजारच्या सडाकडे रोग सरकतोय हे कोणी सांगायला नको. सगळ्या गोठ्यात मागचेच सड वर येत असतील तर खाली बसायची जागा, शेण आणि ओल बघा. मशीनच्या एका युनिटखालच्या गाईच वर येत असतील तर त्या युनिटचे रबर लायनर आणि व्हॅक्यूम तपासा. अख्ख्या वहीत याहून उपयोगी काही नसतं.

महिन्याला एकदा सगळा गोठा, व्याल्यानंतर आठव्या दिवसाच्या सुमारास ती गाय, आणि विकत आणलेलं जनावर गोठ्यात शिरण्याआधी, एवढं वेळापत्रक पुरे. पावसाळ्यात मावळ, मुळशी, जुन्नरच्या चिखलात पंधरा दिवसांनी करा.

चाकणच्या बाजारातून किंवा कुठूनही गाय घेताना पॅडल आणि छोटी बाटली खिशात असू द्या. विक्रेता कास भरलेली दिसावी म्हणून धार तुंबवून ठेवतो. आपल्यासमोर धार काढायला लावा, पहिल्या धारा काळ्या मगात बघा आणि मग चारही सड तपासा. 'आत्ताच प्रवास झालाय म्हणून तसं येतं' हे उत्तर चारही सडांत ट्रेस असेल तर ऐकून घ्या. एकाच सडात तीन असेल तर नाही. तीन सडांची गाय चार सडांच्या भावात घेण्यापेक्षा विक्रेत्याची नाराजी परवडते.

संशयित सडाचा नमुना

नमुना घाणेरडा निघाला तर प्रयोगशाळेत शेणातलेच जंतू वाढतात आणि अहवाल वाया जातो. प्रतिजैविक देण्याच्या आधी नमुना घ्या. सड कोरडा पुसा, मग ७० टक्के स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचं तोंड घासा, कापूस मळणं थांबेपर्यंत. पलीकडचे सड आधी पुसायचे, अलीकडचे नंतर. नमुना घेताना उलट: अलीकडचे आधी, पलीकडचे नंतर, म्हणजे पुसलेल्या सडाला मनगट लागत नाही. स्पिरिट वाळू द्या. पहिल्या दोन-तीन धारा टाका. निर्जंतुक बाटली तिरकी धरा, झाकण हातातच खाली तोंड करून ठेवा, ५ ते १० मिली दूध घ्या. सडाचं टोक बाटलीला लागू देऊ नका. झाकण लावून गाय, सड, तारीख लिहा आणि बर्फावर ठेवा.

चोवीस तासांत पोचवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांच्या चिठ्ठीने नमुना पाठवला की काम सुरळीत होतं. चिठ्ठीत 'कल्चर आणि प्रतिजैविक संवेदनशीलता' (कोणता जंतू आणि त्याला कोणतं प्रतिजैविक लागू पडतं) असं स्पष्ट मागा. जंतू वाढायलाच एक-दोन दिवस जातात, म्हणून सोमवार ते बुधवार पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी निघालेला नमुना सुट्टीत अडकतो.

अहवालात 'वाढ नाही' आलं म्हणून सड निरोगी समजू नका. स्टॅफिलोकोकस ऑरियस रोज दुधात उतरत नाही, लपूनछपून उतरतो. पॅडल सतत वर असेल तर काही दिवसांनी पुन्हा नमुना द्या.

औषध कोणतं, दुधात असताना द्यायचं की आटवताना, हे डॉक्टरांनी ठरवायचं. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिई दुधात असतानाही बऱ्यापैकी बरा होतो. जुना स्टॅफ ऑरियस चिवट, त्याची गाय कधी कधी काढून टाकणं स्वस्त पडतं. ट्यूब दिली तर तिच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस त्या गाईच्या चारही सडांचं दूध कॅनमध्ये घालू नका. औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं, 'एकाच सडात दिलंय' ही पळवाट चालत नाही.

त्याच दिवसापासून

अहवालाची वाट न बघता पिळण्याचा क्रम बदला. पहिल्या वेताच्या गाई सगळ्यात आधी, मग शून्यवाल्या, मग ट्रेस-एक, मग दोन-तीन, आणि उघड दगडीची सगळ्यात शेवटी. खर्च शून्य, फायदा सगळ्यात जास्त. ज्यांच्या गोठ्यात गाईंची जागा ठरलेली असते त्यांना हे अवघड वाटतं. मग निदान पिळणाऱ्याने तरी रांग बदलावी. दोन-तीन नंबरचं दूध वासरांना पाजू नका, कालवडी एकमेकींची कास चोखतात आणि पुढे व्यायच्या आधीच सड गमावतात.

धार संपली की लगेच सड ग्लिसरीनयुक्त ०.५ टक्के आयोडीनच्या डिपमध्ये बुडवा. फवारू नका, बुडवा, म्हणजे चारी बाजूंनी लागतं. सडाचं तोंड धारेनंतर अर्धा-पाऊण तास उघडं असतं, म्हणून वैरण नेमकी त्या वेळेला टाका. गाय उभी राहते, ओल्या शेणात बसत नाही. डिपच्या कपात शेण पडलं तर तो डिप ओतून टाका, 'अजून अर्धा आहे' म्हणू नका.

एकाच फेरीत ब्रुसेला

सातव्या-आठव्या महिन्यात गाभडणाऱ्या गाई असतील तर दगडीच्या फेरीबरोबर ब्रुसेलाची (गाई गाभडवणाऱ्या जंतूची) छाननीही उरका. इथे उलट, एकत्र दुधाचा नमुना उपयोगी पडतो. दुधाची वलय चाचणी म्हणून ती ओळखली जाते: १ मिली कच्च्या दुधात निळ्या रंगवलेल्या ब्रुसेला प्रतिजनाचा (मारलेल्या ब्रुसेला जंतूंच्या द्रावणाचा) थेंब, साधारण ०.०३ ते ०.०५ मिली, आणि ३७ अंशांवर एक तास. दुधात प्रतिपिंडं असतील तर निळे कण सायीबरोबर वर चढतात: वर निळं वलय, खाली पांढरं दूध. नसतील तर सगळं फिकट निळं राहतं. दूध उकळलेलं किंवा गोठवलेलं नको. चिक, दगडीचं दूध आणि आटत आलेल्या गाईचं दूध यांत खोटं वलय येतं, म्हणूनच पॅडल आधी आणि वलय नंतर. दोन-तीन नंबरचे सड वगळून नमुना करा.

वलय आलं तर प्रत्येक गाईचं रक्त तपासावं लागतं. रोझ बेंगाल चाचणीत रक्तद्रव आणि प्रतिजनाचा एकेक सारखा थेंब चार मिनिटं मिसळून गुठळी बघतात. डॉक्टरांना लसीकरणाची नोंद दाखवा. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देतात, आणि लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडंही चाचणीत गुठळी दाखवू शकतात.

ब्रुसेला माणसाला होतो. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढू नका, हातमोजे घाला, वार आणि वासरू चुन्यासह खोल पुरा, कुत्र्यांना मिळता कामा नये. घरात कोणाला चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी रेंगाळत असेल तर डॉक्टरांकडे गेल्यावर 'आमच्याकडे गाई आहेत, एक गाभडली होती' हे न विचारता सांगा. आणि निकाल येईपर्यंत चहालासुद्धा दूध उतू जाईपर्यंत उकळूनच घ्या.